दुकानाच्या नेटवर कोण कोण बसलंय? आधी पत्ते बघा, मग बोट दाखवा



व्हिडिओमध्ये मी राउटरचं पान उघडून यादी कशी बघायची ते पटापट दाखवलं. पण काही गोष्टी स्क्रीनवर घाईत सांगून जमत नाहीत, शांतपणे वाचाव्या लागतात. म्हणून हा लेख. सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, अभ्यासिका, लॉज, मोबाईल रिपेअरिंग यातलं काहीही टाकायचा विचार असेल तर हे आधीच वाचून ठेवा. मी हे धंदा सुरू केल्यावर शिकलो, आणि एका माणसाला उगाच दुखवून शिकलो.

नऊ पत्ते आणि एक चूक

रुपयात पीक विमा सुरू झाला होता त्या काळातली गोष्ट. मुदत संपायला दोन दिवस होते. आमच्या सिद्धेश्वरला सकाळी आठलाच दुकानासमोर रांग. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात बँकेचं पासबुक. त्यातच पावसानं फायबरची लाईन तुटलेली, म्हणून मी सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरवर दुकान चालवत होतो. फॉर्म भरला जायचा, पण कागद अपलोड करायला गेलं की चक्र फिरतच राहायचं. माणसं सकाळपासून उभी. एक आजोबा दोनदा येऊन परत गेले.

मला वाटलं, कुणीतरी माझं वायफाय फुकट वापरतंय. राउटरचं पान उघडलं. यादीत नऊ यंत्रं. मला ओळखू येणारी पाचच: काउंटरवरचे दोन कॉम्प्युटर, माझा लॅपटॉप, माझा फोन आणि हाताखालच्या पोराचा फोन. मग बाकीचे चार कोण?

शेजारी चहाची टपरी आहे. तिथला पोरगा दिवसभर मोबाईल बघत बसलेला. मी रांगेसमोरच त्याला म्हणालो, "अरे, गिऱ्हाईक ताटकळलंय इथं आणि तू माझं नेट ओढून पिक्चर बघायलास?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "दादा, मला काय करायचंय तुमच्या नेटचं? माझ्या रिचार्जमधेच रोजचं दीड जीबी असतंय. संपत बी नाही."

मी ऐकलं नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर शांतपणे एकेक पत्ता तपासला. चारपैकी पहिला निघाला माझा प्रिंटर. दुसरा माझाच फोन, पण वेगळ्या पत्त्यानं. तिसरा माझ्या भाच्याचा फोन, पासवर्ड मीच दिलेला. आणि चौथा? भिंतीवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. घरी वडील मोबाईलवर दुकानाचे चारही कॅमेरे सकाळपासून लावून बसले होते. "पोरगा दमला असेल, गर्दी किती आहे बघावं" म्हणून. चार कॅमेऱ्यांचं चित्र दुकानातून घरी जात होतं, म्हणजे अपलोडच्याच रस्त्यानं. सिमकार्डच्या नेटला अपलोड आधीच कमी असतं. ते सगळं डीव्हीआरनं खाल्लं, आणि शेतकऱ्यांचे सातबारे मागं अडकले.

डीव्हीआरची वायर काढली आणि फॉर्म जायला लागले. टपरीवरच्या पोराचा फोन त्या यादीत कुठंच नव्हता. संध्याकाळी जाऊन त्याची माफी मागितली. तो हसला, पण मी बोललो होतो गिऱ्हाइकांसमोर आणि माफी मागितली एकट्यात. दुसऱ्या दिवशी रांगेतसुद्धा सांगितलं की चूक माझी होती. गावात धंदा करताना शेजारी तुटला तर नेटपेक्षा जास्त नुकसान होतं.

आता मुद्द्यावर येऊ. हे पत्ते म्हणजे नेमकं काय?

यंत्राचा पत्ता म्हणजे काय

नेटला जोडता येणाऱ्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक पत्ता मिळतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. बारा अक्षरांचा असतो. त्यात शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. उदाहरणार्थ, ००-००-५ई-००-५३-१७. साधारणपणे पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात आणि उरलेली सहा त्या यंत्राची. कंपन्यांना हे नंबर आयईईई ही आंतरराष्ट्रीय संस्था वाटून देते.

आयपी ॲड्रेस वेगळा. तो राउटर देतो आणि तो बदलू शकतो. सोपं करून सांगतो: मॅक म्हणजे गाडीचा चेसिस नंबर, आयपी म्हणजे आज तिला पार्किंगमध्ये मिळालेली जागा.

एखादं यंत्र काही पाठवतं तेव्हा त्या पाकिटावर दोन पत्ते असतात. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. पाठवणाऱ्याच्या पत्त्याला सोर्स ॲड्रेस म्हणतात. आजचा सगळा विषय या सोर्स ॲड्रेसचा आहे. पाठवणारा कोण हे कळलं की निम्मं काम झालं.

हब आणि स्विच: मोकाट पाणी आणि पाळीचं पाणी

दुकानदार आजही सर्रास "हब दे" म्हणतात आणि हातात स्विच पडतो. दोन्ही डबे सारखेच दिसतात, काम मात्र वेगळं.

आमच्याकडं पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, त्यामुळे कालव्याचंच उदाहरण देतो. हब म्हणजे मोकाट सोडलेलं पाणी. एका तोंडातून आलं की सगळ्या चाऱ्यांत शिरलं, ज्याला नको त्याच्याही शेतात. एका कॉम्प्युटरनं पाठवलेलं पाकीट हब बाकीच्या सगळ्या तोंडांना पाठवतो. दोघांनी एकदम पाठवलं तर टक्कर होते आणि दोघांनाही परत पाठवावं लागतं. शिवाय एकाचं पाकीट दुसऱ्याला वाचता येतं. गिऱ्हाइकांचे आधार आणि बँकेचे कागद हाताळणाऱ्या दुकानात हे चालणार नाही.

स्विच म्हणजे वही ठेवणारा पाटकरी. पाकीट आलं की तो पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि मनात लिहून ठेवतो: "हा पत्ता तीन नंबरच्या तोंडाला आहे." पुढं त्या पत्त्यासाठी काही आलं की फक्त तीन नंबरलाच सोडतो. पत्ता माहीत नसेल तरच सगळीकडं पाठवतो. आणि ही वही कायमची नसते. एखादा पत्ता ठराविक वेळ बोलला नाही, बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं, की ती नोंद पुसली जाते. म्हणून बंद कॉम्प्युटर स्विचच्या यादीत दिसत नाही. यादी बघायची तर यंत्र चालू पाहिजे.

१९९० च्या दशकात मोठ्या ऑफिसांत थोडे हुशार हब असायचे. ते प्रत्येक तोंडाच्या दोन गोष्टी सांगायचे: तिथून शेवटचा कुठला पत्ता बोलला, आणि तो पत्ता किती वेळा बदलला. दुसरा आकडा फार कामाचा. एका तोंडाला एकच कॉम्प्युटर असेल तर पत्ता बदलायचं कारण नाही. आकडा सारखा वाढत असेल तर समजायचं की त्या वायरच्या टोकाला कुणीतरी आणखी एक डबा लावून पाच जणांना जोडलंय. आजच्या मॅनेज्ड स्विचमध्ये हीच गोष्ट एका तोंडावर किती पत्ते आहेत त्यावरून कळते.

एक गोष्ट तुमच्यासाठी म्हणून सांगतो. इथरनेटचा पहिला स्विच १९९० मध्ये बाजारात आणला तो कल्पना नावाच्या कंपनीनं. कंपनी काढणारे विनोद भारद्वाज भारतीय वंशाचे, आणि नाव त्यांच्या पत्नीचं. तो स्विच सात पोर्टचा होता. १९९४ मध्ये सिस्कोनं ही कंपनी विकत घेतली. सगळे हब वापरत होते तेव्हा यांनी विचारलं, "पाकीट सगळ्यांना कशाला पाठवायचं?" धंदा असाच एका साध्या प्रश्नातून उभा राहतो.

यादी कशी बघायची

१. राउटर उलटा करा. मागच्या स्टिकरवर त्याच्या पानाचा पत्ता आणि लॉगिन असतं. बहुतेक वेळा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुकानाच्या वायफायवरूनच ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाइप करा.

२. लॉगिन करून डीएचसीपी क्लायंट लिस्ट किंवा कनेक्टेड डिव्हायसेस शोधा. प्रत्येक कंपनीच्या पानावर नाव थोडं वेगळं असतं. तिथं यंत्राचं नाव, आयपी आणि मॅक एका ओळीत दिसतात.

३. कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता बघायचा असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत गेटमॅक लिहून एंटर मारा. मोबाईलचा पत्ता सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये किंवा जोडलेल्या वायफायच्या माहितीत सापडतो. प्रिंटर, डीव्हीआर, टीव्ही यांचा बहुतेक वेळा स्टिकरवर छापलेला असतो.

४. आता घरचे आणि बाहेरचे वेगळे करा. ओळखू येणाऱ्या ओळीवर टिक करा. उरलेल्यांसाठी साधी युक्ती: एकेक यंत्र बंद करा, थोड्या वेळानं यादी परत उघडा, कोण गेलं ते बघा. काही राउटर जुनी नोंद लगेच काढत नाहीत. अशा वेळी सगळं बंद करून राउटर चालू-बंद करा आणि यंत्रं एकेक करून जोडा. जे आधी जोडलं ते आधी दिसेल.

५. साध्या स्विचची यादी बघता येत नाही. तो वही ठेवतो, पण दाखवत नाही. यादी दाखवणारा स्विच हवा असेल तर स्मार्ट किंवा मॅनेज्ड म्हणून मागा. पाच पोर्टचा साधा स्विच हजाराच्या आत येतो, यादी दाखवणारा त्यापेक्षा महाग पडतो. दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर असलेल्या दुकानाला साधा स्विच पुरतो. भांडवल कमी असताना उगाच महागाचा घेऊ नका.

वही घाला

हे काम फुकटचं आहे आणि सगळ्यात उपयोगी. शंभर पानी वही घ्या, चार रकाने आखा: यंत्र, मॅक पत्ता, कुठं जोडलंय, आणि जोडल्याची तारीख. वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर टाका. नवीन प्रिंटर आला की आधी वहीत, मग वायर.

माझ्याकडं ही वही त्या दिवशी असती तर डीव्हीआर दोन मिनिटांत ओळखू आला असता आणि टपरीवरच्या पोराला बोलायची वेळ आली नसती. उधारीची वही ठेवता ना? मग ही पण ठेवा.

पत्ते हाताळायचे कसे

यादी बघणं ही पहिली पायरी. पुढं करायच्या गोष्टी:

पत्ता राखून ठेवणं. प्रिंटरला राउटर कधी एक आयपी देतो, कधी दुसरा. मग कॉम्प्युटर म्हणतो प्रिंटर ऑफलाइन. राउटरच्या ॲड्रेस रिझर्व्हेशनमध्ये प्रिंटरचा मॅक टाकून एक आयपी कायम करून द्या. अर्धी डोकेदुखी इथंच संपते.

वेगळं पाहुणा वायफाय. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. गिऱ्हाईक, नातेवाईक, भाचे सगळे तिकडं. बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, डीव्हीआर मुख्य नेटवर. मुख्य पासवर्ड कुणालाही नाही, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला.

पोर्टला कुलूप. मॅनेज्ड स्विचमध्ये पोर्ट सिक्युरिटी नावाची सोय असते. "या तोंडाला फक्त हा एक पत्ता" असं सांगता येतं. दुसरं यंत्र लावलं की तोंड बंद होतं किंवा त्याचं पाकीट पुढं जात नाही. लॉजच्या खोल्यांत किंवा ट्रेनिंग क्लासमध्ये भिंतीवर उघडी तोंडं असतील तर हे कामाचं आहे.

मॅक फिल्टर. ठराविक पत्त्यांनाच आत येऊ देणं किंवा ठराविक पत्ते अडवणं. ऐकायला भारी वाटतं, पण यावर भिस्त ठेवू नका. का ते आता सांगतो.

पत्ता खोटा बोलू शकतो

मॅक पत्ता सॉफ्टवेअरमधून बदलता येतो. ज्याला यायचंच आहे तो तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता लावून येऊ शकतो. खरं कुलूप म्हणजे मजबूत पासवर्ड आणि डब्ल्यूपीए २ किंवा ३ ची सेटिंग. फिल्टर म्हणजे फक्त दाराची कडी.

दुसरी गोष्ट नव्या मोबाईलची. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता लपवून प्रत्येक वायफायला वेगळा बनावट पत्ता देतात. यात गैर काही नाही, माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून केलेली सोय आहे. माझा एकच फोन दोनदा दिसला तो यामुळेच. माझ्या राउटरची वायफायची दोन नावं होती आणि फोनची ओळख दोन्हींशी. प्रत्येक नावाला त्यानं वेगळा पत्ता दिला, आणि मी त्यातला एक चोर समजलो.

असा पत्ता ओळखायची खूण: त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. ते दिसलं की "हा बहुधा मोबाईल आहे आणि पत्ता बनावट आहे" एवढंच समजा. मालक कोण ते यावरून कळत नाही.

अभ्यासिका काढणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्या. भरतीची तयारी करणारी पोरं चाळीस खुर्च्यांवर बसतात, त्यात दोघं पिक्चर डाउनलोड करतात आणि अडतिसांचा ऑनलाइन टेस्टचा पेपर अडकतो. तुम्ही पत्ता अडवला की ती सेटिंगमध्ये जाऊन पत्ता बदलून परत येतात. अशा ठिकाणी पत्त्यामागं पळू नका. राउटरमध्ये प्रत्येकाला ठराविक वेगाची मर्यादा घाला, किंवा प्रत्येक सभासदाला वेगळं लॉगिन द्या. भांडण होणार नाही आणि फी भरणारं पोरगं टिकेल.

कायदा काय म्हणतो

तुमच्या दुकानातला मॅक पत्ता राउटरच्या बाहेर जात नाही. बाहेरच्या वेबसाइटला दिसतो तो कनेक्शनचा आयपी, आणि कनेक्शन तुमच्या नावावर असतं. उद्या तुमच्या वायफायवरून कुणी फसवणूक केली तर चौकशी आधी तुमच्या दारात येणार. "साहेब, मला माहीत नाही कोण होतं" हे उत्तर फार कमजोर आहे.

धंदा म्हणून लोकांना इंटरनेट वापरायला देत असाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्यात तुम्ही सायबर कॅफे ठरू शकता, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी वेगळे नियम आले. त्यात नोंदणी, वापरणाऱ्याचं ओळखपत्र बघणं आणि वापराची नोंदवही किमान एक वर्ष जपून ठेवणं आहे. फॉर्म तुम्ही स्वतः भरून देता की गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर वापरायला देता, हा फरक महत्त्वाचा आहे. सुरू करण्याआधी जाणकार वकिलाला किंवा संबंधित कार्यालयात एकदा विचारून घ्या.

लोकांना वायफाय विकायचाच धंदा करायचा असेल तर त्यासाठी सरळ वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. त्यात किराणा किंवा चहाचं दुकानसुद्धा पब्लिक डेटा ऑफिस होऊ शकतं. दुकानाला लायसन्स किंवा नोंदणी फी लागत नाही, आणि ग्राहकाची ओळख पटवायचं काम ॲप आणि मधली संस्था करते. आपल्या घरच्या कनेक्शनचा पासवर्ड दहा रुपयांना वाटण्यापेक्षा ही वाट कितीतरी बरी.

या आठवड्याचं काम

आज रात्री दुकान बंद करायच्या आधी अर्धा तास काढा.

- राउटरची यादी उघडा आणि फोटो काढून ठेवा.
- प्रत्येक ओळीपुढं यंत्राचं नाव लिहा. एकही ओळ रिकामी सोडू नका.
- प्रिंटरचा आयपी कायम करा.
- गेस्ट वायफाय चालू करा, मुख्य पासवर्ड बदला.
- राउटरच्या पानाचा स्टिकरवरचा पासवर्डही बदला, तो सगळ्यांना वाचता येतो.
- गर्दीच्या दिवशी अपलोड खाणारी यंत्रं कोणती ते आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडं आता पीक विम्याच्या दिवसांत कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालू असतं, पण घरी बघणं बंद. वडिलांना सांगितलं, "अण्णा, गर्दी बघायची असेल तर दुकानावर या, चहा पाजतो." ते येतात. चहा अर्थातच शेजारच्या टपरीवरचा.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. यादी यंत्राचा पत्ता सांगते, माणसाचं नाव सांगत नाही. पत्त्यापासून माणसापर्यंत जायला वही लागते आणि थोडा दम धरावा लागतो. तो नसेल तर यादी न उघडलेलीच बरी.

पुढच्या भागात साध्या राउटरवर प्रत्येक यंत्राच्या वेगाची मर्यादा कशी घालायची ते करून दाखवतो. तोपर्यंत वही आणा.